डॉक्टर इन्फॉर्म्ड

नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा नापास झालेली बाई सगळ्यात आधी हिशेब करते तो आता कुणाकुणाला सांगावं लागणार याचा. माझी यादी मोठी होती, कारण परीक्षेला बसतेय हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नवऱ्याला वेगळं सांगावं लागलं नाही, निकाल उघडला तेव्हा तो शेजारीच होता. सासूबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. माझ्या आईने मात्र सरळ विचारलं, "अगं, इतकी वर्षं तू तेच काम केलंस ना? मग त्यातच नापास कशी झालीस?"

आई टोचून बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. पुढे पास झाले, अमेरिकेतल्या रुग्णालयात नोकरीला लागले, माझ्यासारख्या पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलींना फोनवरून शिकवायला लागले, तेव्हा उत्तर थोडं थोडं हाती लागत गेलं.

मी सांगली जिल्ह्यातली. साडेतीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, नंतर नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बीएस्सी. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आधी मेडिसिनच्या वॉर्डात आणि मग आयसीयूत बरीच वर्षं काढली. कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटा तिथेच पाहिल्या. २०२२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीला आलो. इथे एच-४ डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बाईला कामाची परवानगी मिळते ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला एक टप्पा पार पडल्यावर. तोवर घरी बसायचं. कामाशिवाय राहायची सवय नसलेल्या माणसाला ते किती जड जातं हे अनेक मराठी घरांत लोकांना माहीत आहे. त्या रिकाम्या काळात मी एनक्लेक्स द्यायचं ठरवलं. अमेरिकेत कुठेही रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं तर ही परीक्षा पास व्हावीच लागते, मग तुम्ही इथे शिकलेल्या असा की मिरजेत.

परीक्षेआधी कागदपत्रं. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या नर्सना इथे एक अडचण येते, ती कोणी आधी सांगत नाही. माझ्या गुणपत्रिका आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. परीक्षेचं परवानगीपत्र आणि ओळखपत्र यांतलं नाव तंतोतंत जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात. ज्यांचं पहिलं नावही लग्नात बदललं, त्यांची तर आणखी ओढाताण. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, हे सगळं नोकरीत असताना, कौन्सिलचं ऑफिस एका रेल्वेप्रवासाच्या अंतरावर असतानाच करून ठेवावं. मी ते इथून, भावाला पुन्हा पुन्हा मुंबईला पाठवून केलं. गुणपत्रिका आणि नोंदणीची पडताळणी कॉलेजकडून व कौन्सिलकडून थेट अमेरिकेतल्या संस्थेकडे जावी लागते, आपण पाठवलेली प्रत चालत नाही. यात कित्येक महिने जातात आणि परीक्षेला बसण्याआधीच माणूस अर्धा थकलेला असतो.

मी परवानगीपत्राची वाट पाहत होते तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदलणार होतं. जी ती म्हणत होती, नवा पॅटर्न अवघड आहे, तो यायच्या आत देऊन मोकळी हो. मीही तारीख अलीकडची घेतली.

ही परीक्षा १९९४ पासून संगणकावर होते, आणि ती सगळ्यांना सारखी नसते. सांगलीकडे वाढलेल्या माणसाला मी तालमीचं उदाहरण देऊन समजावते. वस्ताद नव्या पोराला आधी बेताचा जोडीदार देतो. पोराने त्याला पाडलं की पुढचा जरा भारी, पोरगा पडला की जरा हलका. असं करत करत पोराची ताकद नेमकी कुठे आहे ते वस्तादाला कळतं. इथला संगणक तेच करतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अधिक कठीण, चुकलं की सोपा. त्यामुळे पास होणारीलाही निम्मे प्रश्न चुकतायत असंच वाटत राहतं. तुमची पातळी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली हे ९५ टक्के खात्रीने ठरलं की संगणक परीक्षा थांबवतो. मी पहिल्यांदा बसले तेव्हा कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त १४५ प्रश्न, वेळ पाच तास. किती प्रश्नांवर संगणक थांबला यावरून काहीच कळत नाही, कारण तो पास झाल्यामुळेही लवकर थांबतो आणि नापास झाल्यामुळेही. माझा लवकर थांबला होता. घरी येताना मला वाटलं होतं की झालं आपलं.

नापास झालेल्याला एक अहवाल मिळतो. त्यात गुण नसतात. परीक्षेच्या आठ विभागांपैकी प्रत्येकात तुम्ही रेषेच्या वर, जवळपास की खाली, एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या अहवालात औषधशास्त्र वर होतं. गंभीर आजारांत शरीरात होणारे बदल, तपासण्या, प्रोसिजरचे धोके, हे सगळं जवळपास. खाली होतं ते शुश्रूषेचं व्यवस्थापन, म्हणजे कुणाकडे आधी जायचं, कोणतं काम कुणावर सोपवायचं, कधी काय निर्णय घ्यायचा. आणि मानसिक आधाराचा विभाग. व्यवस्थापनाचा विभाग तेव्हाच्या परीक्षेत सगळ्यात मोठा होता, १७ ते २३ टक्के.

तो कागद मी काही दिवस कपाटात ठेवून दिला. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त राग आला तो व्यवस्थापन रेषेखाली असल्याचा. रात्रपाळीला चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी असा वॉर्ड मी चालवला होता. व्हेंटिलेटरवरचे पेशंट एका आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत हलवले होते. आणि हा कागद म्हणत होता की मला कुणाकडे आधी जायचं ते कळत नाही.

पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. बोर्डाकडे पुन्हा अर्ज, परीक्षेचे पुन्हा दोनशे डॉलर. स्वतःची कमाई नसताना ते दोनशे डॉलर मागणं मला परीक्षेपेक्षा अवघड गेलं, नवरा एका शब्दाने काही म्हणाला नाही तरी. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं मी टाळायला लागले, कारण तिथे कुणी ना कुणी निकालाचं विचारणारच.

मला त्यातून बाहेर काढलं ते आमच्या इथल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात भेटलेल्या एका मल्याळी नर्सने. केरळच्या नर्सेसची इथे मोठी परंपरा आहे, त्यांच्यात या परीक्षेबद्दल बोलणं आपल्याकडे दहावीबद्दल बोलावं इतकं सहज होतं. ती स्वतः तिसऱ्या वेळी पास झाली होती आणि ते कुणालाही सांगायची. तिने माझा अहवाल मागितला, वाचला आणि विचारलं, "चुकलेल्या प्रश्नांत तू कोणतं उत्तर निवडतेस, ते कधी पाहिलंस का?" मी म्हटलं, बरोबर उत्तर काय ते पाहते. ती म्हणाली, ते नाही; तू कुठलं चुकीचं निवडलंस आणि का, ते लिहून काढ.

मी एक दोनशे पानी वही केली. सरावाच्या प्रश्नसंचातला प्रत्येक चुकलेला प्रश्न, त्यात मी निवडलेला पर्याय, आणि तो निवडताना मनात काय आलं ते एका ओळीत. परीक्षेतले खरे प्रश्न बाहेर सांगणार नाही असं लिहून दिलेलं असतं, म्हणून इथे सांगते ते सरावातल्या धर्तीचे.

रक्त चढवत असलेल्या पेशंटला थंडी वाजून आली, कंबर दुखतेय म्हणतो. नर्सने सर्वप्रथम काय करावं? पर्याय: रक्त थांबवणं, डॉक्टरांना कळवणं, ताप मोजणं, लघवीचा नमुना पाठवणं. मी उत्तर दिलं होतं, डॉक्टरांना कळवणं. उत्तर आहे रक्त थांबवणं, मग नवीन सेटने सलाईन लावून शीर चालू ठेवणं, मग कळवणं, मग बाटली आणि सेट रक्तपेढीला परत.

या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसले. कारण वॉर्डात माझ्यावर असा प्रसंग आला होता, एकदा नव्हे. आणि दर वेळी माझा हात आधी रोलर क्लॅम्पवर गेला होता. डॉक्टर येईपर्यंत रक्त चालू ठेवलं असतं तर आमच्या इन-चार्ज सिस्टरांनी मला उभं केलं नसतं. मग संगणकासमोर मी ‘कळवणं’ का निवडलं?

तेव्हा मला आमच्या नर्सेस नोट्स आठवल्या. रात्री दोन-अडीचला पेशंटला दम लागतो. मी त्याला उठवून बसवते, ऑक्सिजन लावते, सॅच्युरेशन बघते, धावतं सलाईन बंद करते, मावशीला क्रॅश कार्ट आणायला पाठवते आणि रेसिडेंटला फोन लावते, जो त्या वेळी कॅज्युअल्टीत अडकलेला असतो. सकाळी हँडओव्हरच्या आधी मी नोंद करते: पेशंट ब्रेथलेस, डॉक्टर इन्फॉर्म्ड. त्यापुढे डॉक्टरांची ऑर्डर आणि ती पाळल्याची सही. मधली पंधरा मिनिटं कागदावर नाहीत. आम्हाला तसंच शिकवलं होतं. आपण काही केलं असं लिहिलं तर उद्या विचारतील, कुणाच्या ऑर्डरने केलंस? म्हणून केलेलं गिळायचं आणि कळवलेलं लिहायचं. वर्षानुवर्षं असं लिहिल्यावर स्वतःलाही वाटायला लागतं की मी फक्त कळवते, निर्णय दुसरं कुणीतरी घेतं.

ती वही पुढे चाळली तेव्हा पानापानावर हेच होतं. ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दिसला की माझी नजर तिथेच थांबायची. परीक्षा मला विचारत होती की डॉक्टर येण्याआधीच्या त्या पंधरा मिनिटांत तू काय करतेस. ते मला येत होतं. ते माझं आहे असं म्हणायची सवय नव्हती. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथेच कुठेतरी आहे.

सगळ्याच चुका अशा नव्हत्या. काही ठिकाणी अनुभवच आडवा आला. क्षयरोगाच्या पेशंटला कुठे ठेवावं, तर परीक्षेतल्या रुग्णालयात त्याला हवेचा दाब कमी ठेवलेली वेगळी खोली मिळते, आत जाणारा प्रत्येकजण एन-९५ मास्क लावतो. मी तर वर्षानुवर्षं टीबीचे पेशंट खिडक्या सताड उघड्या ठेवून, साधा मास्क लावून, इतर पेशंटच्या दोन खाटा पलीकडे सांभाळले होते. कामं सोपवण्याचे प्रश्नही तसेच. इथे सहायक, प्रॅक्टिकल नर्स आणि रजिस्टर्ड नर्स यांच्या कामाच्या सीमा आखलेल्या असतात. स्थिर पेशंटचं बीपी-नाडी सहायक घेऊ शकतो, पण पेशंटची पहिली तपासणी, त्याला शिकवणं आणि उपचाराचा परिणाम जोखणं ही कामं रजिस्टर्ड नर्सला कुणावरही टाकता येत नाहीत. आमच्याकडे पेशंटला भरवणं, स्पंजिंग, लॅबमध्ये नमुना पोचवणं, कधी कधी नळीतून फीड देणंसुद्धा नातेवाईक करतात. वॉर्ड त्यांच्यावरच चालतो. चार पेशंटपैकी आधी कुणाकडे जाल, या प्रश्नात मी अनेकदा सगळ्यात जास्त वेदना असलेला निवडायची, कारण वॉर्डात त्याचेच नातेवाईक काउंटरवर येऊन उभे राहायचे. मांडीचं हाड मोडलेला, गप्प पडलेला, पण अचानक अस्वस्थ झालेला आणि धाप लागलेला पेशंट मागे राहायचा. त्याच्या फुप्फुसात चरबीची गुठळी गेलेली असू शकते आणि त्याच्याकडे मिनिटं मोजकी असतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. गर्दीत ते मागे पडायचं.

औषधांची नावं बदलतात, पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, अ‍ॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन, सॅल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. ते पाठांतराने होतं, त्याची भीती बाळगू नये.

मानसिक आधाराचा विभाग मला जास्त लागला. पेशंट विचारतो, मी यातून वाचेन ना? माझं उत्तर ठरलेलं: काही होत नाही काका, बरे होऊन घरी जाल. या परीक्षेत हे उत्तर कायम चूक असतं, कारण ते खोटं आश्वासन आहे. बरोबर उत्तर असतं ते पेशंटला बोलतं करणारं: तुम्हाला कशाची काळजी वाटतेय ते सांगा. सुरुवातीला मला हे कोरडं वाटलं. आपल्याकडे कर्करोगाचं निदान आधी मुलाला सांगतात आणि मुलगा हात जोडून म्हणतो, सिस्टर, बाबांना सांगू नका. मग आम्ही सगळे मिळून बाबांच्या खाटेशी हसत बोलतो. मी हे प्रेमापोटीच केलं, सगळेच करतात. पण सराव करताना मला त्या बाबांपैकी काही आठवले. ते पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि आमचं उत्तर ऐकून एके दिवशी विचारायचे थांबायचे. त्यांना कळलेलं असायचं, आणि त्याबद्दल बोलायला मात्र एकही माणूस उरलेला नसायचा. आता मला वाटतं की परीक्षेचं म्हणणं बरोबर आहे. खांद्यावर हात मी अजूनही ठेवते, ते काही कुठल्या परीक्षेने चूक ठरवलेलं नाही. पण आधी विचारते आणि ऐकते.

दुसऱ्या वेळेपर्यंत नवा पॅटर्न लागू झाला होता. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, आणि त्यात तीन सविस्तर केसेस, प्रत्येकीवर सहा प्रश्न. ज्या पॅटर्नला घाबरून मी घाई केली होती, तो सराव करताना उघडला आणि मला हायसं वाटलं. पडद्यावर एका बाजूला केसपेपरच असतो: नर्सच्या नोंदी, व्हायटल्स, लॅबचे रिपोर्ट, ऑर्डरी. समजा, वयस्क बाई, लघवीचा संसर्ग, कालपासून असंबद्ध बोलतेय, बीपी उतरतंय, लघवी कमी झालीय. यातल्या कोणत्या गोष्टी काळजीच्या? त्यांचा एकमेकींशी काय संबंध? सगळ्यात आधी कशाची शंका घ्यायची? काय करता येईल, काय करशील, आणि केल्याचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ओळखशील? हे सहा प्रश्न म्हणजे नर्सचा निर्णय कसा घडतो त्याच्या सहा पायऱ्या. असे केसपेपर मी शेकड्यांनी वाचले होते. सेप्सिसची बाई मला दारातून दिसते. सुटे प्रश्न माझं म्हणणं चार ओळींत बंद करायचे. इथे पेशंट तासातासाने बदलत होता, वॉर्डातल्यासारखा. शिवाय ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रश्नांना पूर्वी एक पर्याय चुकला तरी शून्य मिळायचं, आता बरोबर निवडलेल्यांचे गुण मिळतात आणि चुकीचे निवडलेले त्यातून वजा होतात.

परीक्षेला जाण्याआधी मी जे केलं त्यातलं एक सांगण्यासारखं आहे. ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय आला की मी स्वतःला विचारायची, त्यांना फोनवर काय सांगशील? सांगायला पुरेशी माहिती नसेल तर आधी तपासायचं. माहिती असेल आणि हातात करण्यासारखं काही असेल तर आधी ते करायचं. सगळं करून झालं असेल, किंवा ऑर्डरीशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर मग कळवणं हेच बरोबर उत्तर. या चाळणीने माझी निम्मी वही रिकामी झाली.

मी पास झाले. काही महिन्यांनी कामाची परवानगीही आली आणि एका रुग्णालयात मेडिकल-सर्जिकल मजल्यावर लागले. पाच-सहा पेशंट असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढेच? आठवड्यात कळलं की या पाच-सहांची प्रत्येक गोष्ट मलाच जोखायची आणि मलाच लिहायची आहे.

इथे डॉक्टरांना फोन करायची एक रीत शिकवतात, तिला एसबार म्हणतात. आधी परिस्थिती सांगायची, मग पार्श्वभूमी, मग नेमकं काय बिघडलंय असं तुम्हाला वाटतं ते, आणि शेवटी काय करावं असं तुम्हाला वाटतं ते. पहिले कित्येक फोन मी दोन टप्प्यांवर थांबायची आणि गप्प व्हायची. पलीकडून डॉक्टर विचारायचे, बरं, मग तुला काय वाटतं? तुला काय हवंय? पुण्यात एकाही डॉक्टरांनी मला हे विचारलं नव्हतं, आणि त्यांच्यातले कितीतरी भले होते, शिकवणारे होते. मला उत्तर माहीत असायचं, पण घसा कोरडा पडायचा. एका रात्री ऑपरेशन होऊन आलेला पेशंट वेदनाशामकामुळे गुंगला, श्वास मिनिटाला आठवर आला. त्याला हलवून जागं केलं, ऑक्सिजन लावला आणि रॅपिड रिस्पॉन्स टीमला बोलावलं. ते बोलवायला इथे कुणाची परवानगी लागत नाही. टीम आली तेव्हा मी न थांबता चारही टप्पे बोलले. मग नोंद लिहायला बसले आणि मधली मिनिटं, एकेक, सगळी लिहिली.

आपल्या नर्सिंग कॉलेजांबद्दल मला एक तळमळीने म्हणायचंय. आमच्या अंतिम परीक्षेत न्यूमोनियाच्या रुग्णाची शुश्रूषा लिहा असा प्रश्न यायचा आणि आम्ही पानं भरायचो. कुणी विचारलं नाही की न्यूमोनियाचे तीन आणि हृदयविकाराचा एक असे चार पेशंट आहेत, डॉक्टर ओटीत आहेत, तू कुणाकडे जाशील आणि का. चाळीस पेशंटला दोन नर्स ही स्थिती एका दिवसात बदलणार नाही, ते माझ्यासारख्या बाईच्या हातातही नाही. पण नोंद बदलता येईल. वॉर्डातल्या सिस्टरने आपण काय केलं ते लिहावं आणि ते लिहिल्याबद्दल तिला जाब विचारला जाऊ नये, एवढं तर मेट्रन, इन-चार्ज ठरवू शकतात. परदेशात जाणाऱ्यांसाठी मी हे म्हणत नाहीये. भारतातच राहणाऱ्या, रात्री दोन वाजता एकटीने सगळं निभावणाऱ्या मुलींसाठी म्हणतेय.

आता माझ्याकडे येतात त्या बहुतेक एकदा किंवा जास्त वेळा नापास झालेल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत शिकलेल्या आणि पहिल्यांदा बसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जणी पास झाल्या. परदेशात शिकून पुन्हा बसणाऱ्यांत मात्र निम्म्याही होत नाहीत. हा आकडा मी त्यांना आधीच सांगते, कारण त्या स्वतःला जगातली एकटी नापास समजत असतात. एकीने नापास झाल्याचं सासरी सांगितलंच नव्हतं आणि पहाटे सगळे झोपलेले असताना बाथरूममध्ये बसून सराव करायची. तिला अभ्यासाच्या आधी नवऱ्याशी बोलायला लावलं. दुसरी आखाती देशात आयसीयू गाजवून आलेली, प्रश्न पूर्ण वाचायच्या आत उत्तर द्यायची, कारण तिच्या कामात सेकंद महत्त्वाचे. तिला मी सांगितलं की हा पेशंट पडद्यावर आहे, तो वाट पाहील, शेवटची ओळ दोनदा वाच. ती पुढच्या वेळी पास झाली. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात. फ्लोरिडात तीनदा नापास झालं की मान्यताप्राप्त उजळणी वर्ग केल्याशिवाय पुन्हा बसता येत नाही. म्हणून ४५ दिवस झाले की लगेच तारीख घेऊ नका असं मी सांगते. चुका कळेपर्यंत थांबा.

एकजण मात्र काही प्रयत्नांनंतर म्हणाली, ताई, मला आता नाही बसायचं. मी तिला समजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. तिच्याकडे कारणं होती: लहान मूल, आजारी सासरे, आणि त्या परीक्षेच्या नावाने उडालेली झोप. ती आता रक्ततपासणीचे नमुने घेण्याचं प्रशिक्षण घेऊन तेच काम करते आणि तिच्या हाताला कधी शीर चुकत नाही असं तिचे पेशंट सांगतात. अशा मुलीला कुणी, अजून पास नाही झालीस का, असं विचारलं की मला फार वाईट वाटतं.

ज्यांना बसायचंय त्यांच्या घरच्यांकडे माझं मागणं छोटं आहे. पुढची तारीख कधी हे रोज विचारू नका. रोज दोन तास मुलांना घेऊन बाहेर जा.

सध्या नाशिककडची एकजण माझ्याकडे आहे. तिच्या अहवालातही व्यवस्थापनाचाच विभाग रेषेखाली आहे. परवा रात्री आम्ही तिची वही वाचत होतो आणि ती वाद घालत होती, "पण ताई, खरंच सांगते, आमच्या वॉर्डात सरांना विचारल्याशिवाय काहीच करत नाही आम्ही." मी तिला म्हटलं, तुझ्या शेवटच्या नाइट ड्युटीत जो पेशंट बिघडला होता, त्याचं सांग. फोन केलास तोवर तू काय काय केलंस, क्रमाने सांग. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. अकरा गोष्टी झाल्या. मी त्या तिला वाचून दाखवल्या आणि म्हटलं, यातली कुठली सरांनी सांगितली होती? ती म्हणाली, थांबा, मी वहीत लिहून घेते.